साठ हात सरळ रस्ता

मी विलायतेला जाऊन आलो हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस सोलापुरात सापडणं कठीण. तशी काळजी मीच घेतली आहे. परत आल्यावर पहिली दोन वर्षं मी कुणाच्या बारशाला गेलो, तरी पाळण्याची दोरी हातात धरून आगबोटीची हकिगत सांगायचो. पोरगं झोपून जायचं, बायका झोपायच्या, मी एडनपर्यंतच पोचलेला असायचो.

आता पंचेचाळिशी उलटली. तरी बाळीवेशीतल्या हॉटेलात कुणी नवखा भेटला की मंडळी त्याला मुद्दाम माझ्यापुढे ढकलतात आणि आपण चहा मागवून गालातल्या गालात हसत बसतात. नवखा विचारतो, "एडिनबरोचा किल्ला कसा आहे हो?" मी सांगतो, मोठा आहे, खडकावर आहे, आतून मी पाहिलेला नाही. "राजवाडा?" तोही नाही. "मग पाहिलंत काय?"

मग मी कप खाली ठेवतो. त्या शहरातला कुठला रस्ता किती रुंद, कुठल्या रस्त्यावर सकाळचं ऊन आधी डाव्या भिंतीवर उतरतं, वारा कुठल्या कोपऱ्यावर दबा धरून बसतो, कुठली फरशी पाच पावलांत किती कलते, हे सगळं मला पाठ आहे. तिथल्या नगरपालिकेलाही नसेल. कारण ते शहर मी एका विणकराबरोबर पायी हिंडलो, आणि आम्ही इमारती बघत नव्हतो. आम्ही साठ हात सरळ रस्ता शोधत होतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, विणकामाच्या एका शाळेत कारकून. एडिनबरोला देशोदेशीच्या हातकामाचं प्रदर्शन भरणार होतं. सोलापूरचा हातमाग तिथे चालवून दाखवायचा, म्हणून एक विणकर हवा होता आणि त्याच्या तोंडचं इंग्रजीत सांगणारा एक पोपट. पोपट म्हणून माझी निवड झाली. विणकर होते साखर पेठेतले साठीचे एक गृहस्थ. घरात तेलुगू, बाजारात मराठी. सगळी गल्ली त्यांना ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणू लागलो. ते मला मास्तर म्हणायचे. त्यांच्या हिशेबानं ज्याच्या खिशाला पेन तो मास्तर, मग त्याला काही येवो न येवो.

आता साखर पेठेतल्या सकाळीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. मागावर चढवायच्या उभ्या सुताला ताणा म्हणतात. तो चढवण्याआधी त्याला पिठाची पातळ खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना सूत तटातट तुटतं. घरात एवढा लांब ताणा मावणार कुठे? म्हणून तो भल्या सकाळी गल्लीतच ताणायचा. जागोजाग काठ्यांच्या कैच्या उभ्या करायच्या, त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर सुताचा एक पडदा आडवा. दोन्ही बाजूंनी माणसं रुंद कुंचे घेऊन खळ लावत चालतात, ती वाळेपर्यंत पुन्हा पुन्हा कुंचा फिरवत येतात जातात. याला पांजणी म्हणतात. तेवढा वेळ गल्ली विणकराची. दूधवाला सायकल उचलून भिंतीकडेनं जातो, शाळेची पोरं ताण्याखालून वाकून पळतात, नवरदेवाची वरात आली तरी ती वाकते. कुणी कुरकुर करत नाही. माझ्या लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळे रस्ते याच कामासाठी बांधलेले असतात आणि उरलेल्या वेळात त्यांवरून लोक जातात.

आम्ही सोलापुराहून निघालो तेव्हा साठ हातांचा डाळिंबी ताणा पांजून, गुंडाळून, मेणकापडात बांधून बरोबर घेतला होता. तीन लुगड्यांचं सूत. शिवाय अडीअडचणीला म्हणून खळीसाठी तांदळाचं पीठ. आगबोटीवरचं जेवण तातांच्या गळ्याखाली उतरेना. कडक भाकरी संपल्या, शेंगाची चटणी तेवढी शिल्लक राहिली. तेव्हा ते पीठ आम्ही स्टोव्हवर शिजवून चटणीबरोबर खाऊन टाकलं. ताता म्हणाले, "खळ पोटात गेली मास्तर. आता आपण तुटत न्हाय." आम्ही फार हसलो. एवढं हसायला नको होतं.

मंगळवारी एडिनबरोला पोचून गाठोडं सोडलं, तर आतून भिंत सडल्यासारखा वास आला. आगबोटीच्या तळातल्या ओलीनं खळीवर बुरशी चढली होती आणि पदरापदरांत सूत चिकटून बसलं होतं. तातांनी एक पदर ओढला. तो तुटला नाही, पण त्यावरची खळ गळून पडली. ताणा धुवायला हवा होता, वाळवायला हवा होता आणि पुन्हा पांजायला हवा होता. प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं.

प्रदर्शनाचे सेक्रेटरी उंच, सडपातळ, सौजन्याची मूर्ती. हातात कायम एक यादी. त्यांनी ऐकून घेतलं. मांडवात साठ हात जागा आहे का, असं मी विचारलं, तर त्यांनी मांडव दाखवला. चिनी बरण्या, आफ्रिकेतले मुखवटे, गालिचे, एका कोपऱ्यात आधीच पाठवलेला आमचा माग. मुंगीला आळस द्यायला जागा नव्हती. मग ते अगदी मायेनं बोलले आणि तातांच्या फेट्याकडे बघत राहिले.

"काय म्हनतात?" तातांनी विचारलं.

"काळजी करू नका म्हणतात."

"एवढं लांब बोलले, त्यात एवढंच?"

मी खिशाचं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

"सगळं सांगा की मास्तर. तुमाला त्याच्यासाठीच आनलंय."

मी सांगितलं. साहेबांचं म्हणणं असं, की माग रिकामा असला तरी अडत नाही. तातांनी फेटा जरा मोठा बांधून मागापाशी नुसतं बसावं. लोक कापड बघायला येतच नाहीत, माणूस बघायला येतात.

तातांनी त्या रिकाम्या मागाच्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या गल्लीत अस्वलवाला येतो. त्याचं अस्वल नाचतं तरी. मी नुसता बसू? चाळीस वर्सं मागावर बसलो, रिकाम्या मागावर कदी बसलो न्हाय." आणि माझा कोट धरून त्यांनी मला दाराकडे वळवलं. "साठ हात रस्ता बघून द्या. सपाट, सरळ, सकाळचं ऊन पायजे, वारा नको. बाकी माझं मी बघतो. आन रस्ता न्हाय गावला, तर सोमवारी मी तितं येत न्हाय. तुमीच फेटा बांदून बसा."

मी एका विधवा बाईंकडे आमची राहायची सोय करून घेतली होती. त्या बाईंच्या न्हाणीघरात पांढरा शुभ्र टब होता. त्यात आम्ही ताणा धुतला. टब गुलाबी झाला. बाईंनी येऊन पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि घासायचा ब्रश माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या बोटांना आठवतो.

बुधवारी सकाळी बाईंनी न्याहारीला दोन वाडगे पुढे ठेवले. त्यांच्याकडे ओट नावाचं धान्य होतं, त्याचं पीठ पाण्यात मीठ घालून शिजवतात. राखाडी, लिबलिबीत, वाफाळलेलं. मी देवाचं नाव घेऊन चमचा उचलला. तातांनी मात्र वाडगा नाकाशी नेला, दोन बोटं बुडवली, बोटं जवळ आणली, लांब केली. कमरेच्या पिशवीतून हातभर सूत काढलं, त्या पिठातून ओढलं आणि खिडकीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मास्तर, बाई लई हुशार हाय. न सांगता समजली. खळ करून ठेवली की तिनं."

आणि वाडगा घेऊन ते जिना चढून खोलीत निघून गेले.

"त्यांना आवडलं नाही का?" बाई काळजीनं म्हणाल्या.

"आवडलं," मी म्हणालो. "आमच्याकडे वडीलधारी माणसं आवडीचा पदार्थ एकांतात खातात."

बाई इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवसापासून तातांना दोन वाडगे मिळू लागले. एक दाट खळ, एक पातळ खळ. ताता वर बसून सुतावर प्रयोग करायचे, मी खाली बसून त्यांच्या भुकेचं कौतुक ऐकायचो. ताता स्वतः पाव, उकडलेले बटाटे आणि आमची चटणी यांवर होते.

मग आम्ही बाहेर पडायचो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस, सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत, आणि तिथे उन्हाळ्यात अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात. ताता म्हणायचे, "हितला सूर्य आळशी हाय, पर झोपत न्हाय."

प्रिन्सेस स्ट्रीट हा त्या शहराचा दागिना. एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला खोल बाग, बागेपलीकडे काळा खडक आणि त्यावर किल्ला. देशोदेशीचे प्रवासी तिथे येऊन तोंड उघडं टाकून उभे राहतात. तातांनी पिशवीतून सूत काढलं, एक टोक चिमटीत धरून हात वर केला. सूत निशाणासारखं फडफडायला लागलं. वारा बागेतून चढून थेट दुकानांवर आदळत होता. तरी त्यांनी दुसरी परीक्षा घेतली. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. ट्रामवाल्यानं घंटा बडवली, मोटारवाल्यांनी भोंगे वाजवले, एका सद्गृहस्थानं छत्री उगारली. मी धावत जाऊन त्यांना ओढून आणलं.

"हे काय करता?"

"माणसं बघतो. रस्ता नुसता सरळ असून भागत न्हाय मास्तर. वाकणारी माणसं पायजेत." त्यांनी सूत गुंडाळलं. "ह्यो रस्ता बघायचा हाय. कामाचा न्हाय."

किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा जुना रस्ता आम्ही टोकापासून टोकापर्यंत चाललो. सात सात मजल्यांची काळवंडलेली घरं, त्यांच्यामधून विहिरीत उतरावं तशा खाली गेलेल्या चिंचोळ्या बोळी. मला तो फार आवडला. प्रत्येक दरवाज्यातून एखादा खुनी बाहेर पडेल असं वाटत होतं. तातांनी खिशातला लिंबाएवढा गोल दगड जमिनीवर ठेवला. तो हसत हसत राजवाड्याच्या दिशेनं निघाला. "सगळी खळ खालच्या अंगाला पळंल," ताता म्हणाले. ज्या बोळी सपाट होत्या त्यांत ऊन नव्हतं. एका बोळीत त्यांनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "हिला जन्मात ऊन लागलं न्हाय. इथं माणूस कसा वाळत असंल?"

एक रंगीत दुकानांचा रस्ता होता, साप गेल्यासारखा वळत चढणारा. पोस्टाच्या कार्डावर त्याचं चित्र मिळतं. तातांनी त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. वाकडा म्हणजे बाद. जॉर्ज स्ट्रीटनं मात्र आमचा एक अख्खा तास खाल्ला. सरळ, रुंद, जवळजवळ सपाट, उगवतीकडून मावळतीकडे गेलेला. पण चौकाचौकात पुतळे. पुतळा वाकत नाही.

संध्याकाळी थकून बाकावर बसलो की ताता मला विचारायचे, "हा रस्ता आपल्याकडं असता तर कुणाच्या दारापास्नं कुणाच्या दारापर्यंत गेला असता?" मग आम्ही दोघं मिळून प्रिन्सेस स्ट्रीट उचलून सोलापुरात ठेवायचो. तळ्याच्या काठानं बरोबर बसायचा. परक्या शहरात दोन माणसांनी आपलं गाव असं अंथरून बसावं, यासारखं दुसरं सुख मला पुढे मिळालं नाही. मनात मात्र दिवस मोजत होतो. तातांचा हट्ट मला माहीत होता. सोमवारी ते खोलीचं दार लावून घेतील आणि आयुष्यभर सोलापुरात म्हणतील, विलायतेत माग चालला नाही.

शुक्रवारी उतरत्या उन्हात आम्ही नव्या भागातल्या मोठ्या घरांच्या मागं शिरलो. पुढच्या बाजूला श्रीमंती, मागच्या बाजूला त्यांचे तबेले. त्या तबेल्यांची एक गल्ली. अर्ध्या तबेल्यांत घोडे, अर्ध्यांत मोटारी, वरच्या मजल्यांवर घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, शिंपिणी, धोबिणी राहायच्या. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. तातांनी सूत धरलं. ते ओळंब्यासारखं सरळ लोंबत राहिलं. दगड ठेवला. दगड बसला. ते पावलं टाकत गेले आणि परत आले. बहात्तर हात. मग गुडघे टेकून त्यांनी फरशीला गाल लावला आणि एका डोळ्यानं टोकापर्यंत पाहिलं.

एका दारात काळ्या कपड्यांतली म्हातारी बाई बटाटे सोलत बसली होती. "ह्यांचं काय हरवलंय?" तिनं विचारलं.

"रस्ता," मी म्हणालो.

"मग बरोबर शोधतायत. खालीच असतो तो."

ताता उठले, मधोमध हात पसरून उभे राहिले. कोळशाची हातगाडी घेऊन एक माणूस आला. थांबला. तातांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपीला बोट लावलं आणि गाडी तिरपी करून भिंतीकडेनं निघून गेला.

"बागुंदि," ताता म्हणाले. तेलुगूत याचा अर्थ छान आहे असा, आणि आल्यापासून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता.

शनिवारी पहाटे खिडकी उघडली तर समोरचं घर नव्हतं. समुद्रावरून धुकं आलं होतं आणि दिवसभर बसून राहिलं. ताता पलंगावर ताण्याच्या गुंडाळीला हात लावून बसले होते. आता उरला फक्त रविवार, आणि तिथला रविवार म्हणजे काय ते त्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: रविवारी काम नाही, गाणं नाही, शिट्टीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी बाईंना सगळं सांगितलं, एक न्याहारी सोडून. त्या विणत होत्या, सुया थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "जेवणघरातल्या सहा खुर्च्यांना फार दिवस हवा लागलेली नाही. उद्या पहाटे कुणी त्या बाहेर नेल्या तर मला कळणार नाही. मी झोपलेली असेन. मोठं पातेलं चुलीवर असेल, त्यात काय आहे तेही मला माहीत नाही."

रविवारी चारला उजाडलं. आकाश धुतल्यासारखं निळं. आम्ही चार खेपा करून सहा खुर्च्या, काठ्या, ताणा आणि पातेलं त्या गल्लीत नेलं. खुर्च्यांच्या पाठींवर काठ्या, काठ्यांवर ताणा. सहा वाजता साठ हात डाळिंबी सूत गल्लीत पसरलं आणि उगवतीचं ऊन त्याच्या लांबीवरून सरळ धावत गेलं. तातांकडे सोलापूरचा कुंचा, माझ्या हातात मोतद्दाराकडून मागून घेतलेला घोड्याचा नवा ब्रश. आम्ही चालायला लागलो. मी इकडून, ते तिकडून. माझ्या ब्रशानं सूत विस्कटायचं, ते पलीकडून न बघता सारखं करायचे.

सात वाजता पोलीस शिपाई आला. हा उंच, मिशाळ. "आज रविवार आहे," तो म्हणाला. "रस्त्यात काम करता येत नाही."

मी ब्रश छातीशी धरला, डोळे अर्धे मिटले. माझ्या आवाजात जे गांभीर्य आलं ते मी गणेशोत्सवातल्या मेळ्यांत शिकलो होतो. "हे काम नाही. ही आमची पूजा आहे. वर्षातून एकदा, सूर्योदयाला."

त्यानं हेल्मेट काढलं. खिडक्या उघडल्या. हळूहळू माणसं खाली आली. कुणीतरी कुणाला कानात सांगितलं, पुरुषांनी टोप्या काढल्या, बायांनी पोरांना गप्प केलं. दोन्ही भिंतींशी माणसं माना खाली घालून उभी, मधून आम्ही दोघं ब्रश फिरवत चाललेलो.

"मास्तर," ताता पलीकडून हळूच म्हणाले, "ही टोप्या काढून का उभी हायत? कोन गेलं काय?"

"हवा खातायत."

"तुमी काय सांगितलं त्यांना?"

मी सांगितलं. ताता थांबले नाहीत, ओली खळ थांबू देत नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर सुतावर ठेवली. "देवाचं नाव घेऊन खोटं बोललात," ते म्हणाले. "आता हात तरी खरा चालवा."

तेवढ्यात ती बटाटेवाली म्हातारी दार ओढून बाहेर आली. काळी टोपी, हातात बायबल, चर्चला निघालेली. ती ताण्याशी आली, दोन नखांत एक धागा धरला, बोटं नाकाशी नेली.

"ओटचं पीठ आहे हे," ती म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ही पूजा नाही. माझे आजोबा खेड्यात तागाचं कापड विणायचे. हेच पीठ लावायचे. आणि रविवारी त्यांनी मागाला कधी हात लावला नाही."

शिपायानं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मंडळी, माझ्या पोतडीत कायम तीनचार थापा तयार असतात. त्या सकाळी एक हाताला लागेल तर शपथ. मग नाइलाजानं मी खरं बोललो. ताण्याला बुरशी आली. शनिवार धुक्यात गेला. उद्या ताणा चढला नाही, तर ह्या माणसाला फेटा बांधून रिकाम्या मागाशी बसवणार आहेत, लोकांनी बघावं म्हणून. एवढं सांगून मी ब्रश पुन्हा सुताला लावला.

म्हातारी माझ्याकडे बघतही नव्हती. ती तातांकडे बघत होती. त्यांना आमच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं होतं. तरी ते टोकाला जाऊन वळत होते, परत येत होते, कुंचा न उचलता. आता मधे थांबलं तर सगळा ताणा चिकटून जाणार होता. तिच्या लक्षात ते आलं, कारण तिनं तसं चालणं पूर्वी पाहिलं होतं.

ती शिपायाकडे वळली. "तुझी सावली ओल्या सुतावर पडतेय," ती म्हणाली. "बाजूला हो."

शिपाई बाजूला झाला.

"मी हात लावणार नाही," ती मला म्हणाली. "रविवार आहे. पण उभं राहायला मनाई नाही." आणि ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, बायबल पोटाशी धरून. साडेदहापर्यंत एक गाडी तिनं आत येऊ दिली नाही. चर्चच्या घंटा वाजल्या, थांबल्या. ती गेली नाही. ज्यांना घोडे बाहेर काढायचे होते ते ताण्याखालून वाकून आले आणि म्हणाले, राहू दे, नंतर काढू. साखर पेठेतल्या शाळकरी पोरांसारखे वाकले ते, हातांनी टोप्या धरून.

ऊन चढलं तसं सूत एकेक करून सुटं झालं. तातांनी मधोमध हाताचा पंजा घालून वर उचलला. प्रत्येक पदर वेगळा, ताठ. आम्ही ताणा गुंडाळला, खुर्च्या पुसल्या, घरी गेलो. रात्रभर ताता मांडवात बसून सूत मागाला जोडत होते. रविवारची रात्र म्हणजे रविवार नाही, असं मीच ठरवून टाकलं.

सोमवारी अकरा वाजता मांडव उघडला. सेक्रेटरीसाहेबांनी मागावर चढलेला ताणा पाहिला, यादीवर एक खूण केली आणि तरीही म्हणाले, फेटा जरा मोठा बांधता आला तर बरं. मी भाषांतर केलं. तातांनी ऐकलं नाही. ते ताण्यातून धोटा इकडून तिकडे फेकत होते.

लोक आले. दोरीच्या अलीकडे, मागासमोर दाटी झाली. सगळ्यांचे डोळे फेट्यावर, मिशांवर, अनवाणी पायांवर. एका बाईनं मला विचारलं, हे नेहमी असेच गप्प असतात का? साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तास दोन तास असे गेले. तातांनी एकदाही मान वर केली नाही. पाच बोटं डाळिंबी कापड तयार झालं होतं आणि ते कुणी बघत नव्हतं.

दुपारी तबेल्यांच्या गल्लीतली माणसं आली, सात की आठ. पुढे ती म्हातारी, आज निळ्या कपड्यांत. तिनं समोरच्या गर्दीकडे पाहिलं, दोरी उचलली आणि तिच्याखालून वाकून सरळ तातांच्या पाठीमागे गेली, त्यांच्या खांद्यापाशी. तिथून माणूस दिसत नाही, विणलेलं तेवढं दिसतं. बाकीचे तिच्या मागे जाऊन उभे राहिले. सेक्रेटरीसाहेब काही बोलायला पुढे आले, पण तिची पाठ त्यांच्याकडे होती.

ती वाकून काठ बघत होती. तातांनी मान वळवली नाही, हात थांबवला नाही. फक्त फळीवरून ते वीतभर डावीकडे सरकले, तिला नीट दिसावं म्हणून. त्या आधी आणि नंतरही मी तातांना कितीतरी वेळा मागावर बसलेलं पाहिलं. कुणासाठी सरकलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.